पाणी पिऊन विचारलेली गोष्ट

मी गणिताचा मास्तर. दोन गोष्टी सारख्या निघाल्या की आम्ही मधे बरोबरचं चिन्ह टाकतो आणि पुढच्या ओळीवर जातो. कय्यूममास्तर ते चिन्ह टाकू देत नसत. "थांबा हिसाबवाले," म्हणत, "इतकी घाई कायची?" आणि मग इंग्रजीतल्या दोन शब्दांवर आमची मधली सुट्टी खाऊन टाकत.

ते दोन शब्द म्हणजे एन्क्वायरी आणि इन्क्वायरी. एक 'ई'नं सुरू होतो, दुसरा 'आय'नं. बाकी सगळं तेच. शाळेच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्यात साफ लिहिलेलं होतं की दोन्ही एकच, कसंही लिहा. मी तो कोश त्यांच्यापुढं आपटला होता. ते पानावर हात ठेवून शांतपणे म्हणाले की कोश बरोबरच आहे, पण वापरणाऱ्यांनी हळूहळू यात फरक पाडला आहे. 'ई'वाली म्हणजे विचारपूस. का हो, बरं आहे ना, काल दिसला नाहीत. 'आय'वाली म्हणजे चौकशी. काल कुठं होता, साक्षीला कोण. पहिलीसाठी आपण उठून माणसाकडं जायचं, दुसरीसाठी त्याला आपल्या टेबलापुढं उभं करायचं. मला हे सगळं रिकामपणाचे उद्योग वाटायचे, आणि मी तसं तोंडावर म्हणायचो. ते हसायचे.

ते मूळचे देऊळघाटचे. घरची शेती, थोरला भाऊ ती पाहायचा. हे अमरावतीला शिकले आणि आमच्या नांदुऱ्याच्या शाळेत इंग्रजीला लागले. मी आलो तेव्हा ते जुने झाले होते. उंच, थोडे वाकलेले, अंगात रंग उडालेली काळी शेरवानी, डोक्यावर गोंड्याची टोपी, आणि वैशाखातही गळ्याशी लावलेलं बटण. खिशात लवंगा असायच्या. कुणी त्यांच्याशी भांडायला आलं की आधी त्याच्या हातावर लवंग ठेवायचे. लवंग चावताना माणसाला नीट भांडता येत नाही, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. तोवर मी त्यांच्या किती लवंगा चघळल्या होत्या देव जाणे.

दर वर्षी नव्या वर्गाला ते एक खेळ दाखवायचे. उशिरा आलेल्या एखाद्या पोराला टेबलापुढं उभं करून आवाज चढवून विचारायचे, काऊन उशीर झाला बे? पोरगं सांगायचं, मायले ताप आला. दर वर्षी कुणाच्या तरी मायला ताप यायचाच. मग ते खुर्ची सोडून त्याच्या बाकावर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, जा, मले पाणी घेऊन ये. पोरगं पाणी आणायचं, हे प्यायचे, मिशा पुसायचे, आणि तोच प्रश्न पुन्हा हळूच विचारायचे. पोरगं खाली मान घालून सांगायचं की जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर खेळत होतो. वर्ग हसायचा, मास्तर फळ्यावर दोन्ही शब्द लिहायचे आणि धडा संपायचा.

एकदा हा खेळ चालू असताना शाळा तपासनीस आले. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळं तपासनीस कधी जबलपूरकडचे, कधी रायपूरकडचे, आणि वऱ्हाडी बोलणं ऐकून सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या. या साहेबांनी फळा पाहिला आणि भर वर्गात सांगितलं की हा एकच शब्द आहे, मुलांना भलतं शिकवू नका. मास्तर अदबीनं म्हणाले की साहेब म्हणतात ते खरं आहे. मग विचारलं, साहेबांसाठी पाणी मागवू का? साहेबांना वाटलं आदरातिथ्य आहे. ते पाणी प्याले आणि बऱ्यापैकी निवळून निघून गेले. पोरं पुढं कितीतरी दिवस एकमेकांना 'साहेबांसाठी पाणी मागवू का' म्हणत फिरली.

हे झालं वर्गातलं. पण बाहेरही त्यांचा हा कायदाच होता. कुणाला काही विचारायचं असलं तर त्याच्या घरी जायचं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं, आणि मगच तोंड उघडायचं. त्या काळी आमच्याकडं हे सोपं नव्हतं. मुसलमान मास्तर दारात आला म्हणजे हिंदू घरातली बाई पाणी वरून ओतायची, भांडं हातात द्यायची नाही. मास्तर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून ओंजळ धरायचे, शेरवानीच्या बाह्या भिजवून घ्यायचे आणि दुवा देऊन उठायचे. मला ते बघवत नसे. मी एकदा म्हटलं, मास्तर, कशाला हा अपमान? ते म्हणाले, "मी त्याले विचाराले गेलो होतो. मग झुकणं माह्याकडंच असाले पाह्यजे ना?" या कायद्याचं एक दुसरं कलमही होतं. असं पाणी पिऊन जे ऐकलं ते त्या ओट्यावरून खाली उतरवायचं नाही. गावातली किती भांडणं, किती पोरींचे अडलेले सोयरसंबंध, किती पोरांच्या चोऱ्या त्यांच्या पोटात होत्या कोण जाणे. त्यातली एकही मला कधी कळली नाही, आणि मी तर रोज त्यांच्या शेजारी बसायचो.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, हेडमास्तर व्हायचं होतं. हेडमास्तरांच्या खोलीत हिरव्या बनातीच्या जाड कापडानं मढवलेलं एक अवजड टेबल होतं. त्याच्यापुढं उभं राहून रडलेल्या पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या असतील. मास्तर म्हणायचे, त्या खुर्चीवर बसलो की पहिल्या दिवशी ते टेबल बाहेर काढतो आणि खोलीत सतरंजी टाकतो. ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात जुने हेडमास्तर निवृत्त होणार होते आणि सेकंड मास्तर म्हणून कय्यूममास्तरांचीच पाळी होती. कमिटीनं तसं बोलूनही दाखवलं होतं. आम्ही त्यांना सतरंजीच्या रंगावरून चिडवायचो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते, रॉकेल नाही, कागद नाही, लाखसुद्धा धड मिळत नव्हती. मॅट्रिकची परीक्षा आमच्याच शाळेत होती. प्रश्नपत्रिकांची पाकिटं कापडात शिवून, वर लाखेचं सील मारून आली होती, आणि ती लोखंडी पेटीत घालून ड्रॉइंगच्या खोलीत ठेवली होती, कारण पक्कं कुलूप त्याच खोलीला होतं. खोली पश्चिमेच्या अंगाला, वर टिनं. नांदुऱ्याचा मार्च-एप्रिल ज्यानं काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. किल्ली सोनुनेमास्तरांकडं. सोनुने म्हणजे आमचे ड्रॉइंगमास्तर. बुटके, घाबरट, हात मात्र सोन्याचे. गणपतीच्या मखरापासून नाटकाच्या पडद्यापर्यंत गावातलं सगळं त्यांच्या हातून व्हायचं.

परीक्षेच्या सकाळी पाकिटं बाहेर काढली तर एका पाकिटावरचं सील वेगळं दिसलं. छाप तोच, मुकुट तोच, अक्षरं तीच, पण बाकीची लाख काळपट आणि ही बांगडीच्या लाखेसारखी लालबुंद. परीक्षा केंद्राच्या साहेबांनी ते उचलून उजेडाला धरलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. राखीव पेपर मागवून परीक्षा निभावली, पण पोरांचा एक दिवस रडण्यात गेला आणि बाप लोक दाराशी येऊन आम्हाला वाटेल ते बोलले. पेपर फुटला का, कुणी फोडला, किती जणांनी पाहिला. गावात दुसरा विषय नव्हता.

बाहेरून चौकशीचे साहेब यायचे होते. त्याआधी हेडमास्तरांनी कय्यूममास्तरांना बोलावलं आणि सांगितलं की सेकंड मास्तर या नात्यानं सोनुन्यांना विचारून काय ते मला कळवा. मास्तर 'ठीक आहे' म्हणाले. मी त्यांना फाटकाशी गाठून सांगितलं की सोनुन्यांना शाळेत बोलवा, दोन माणसांसमोर विचारा, लिहून घ्या. ते ऐकून घेतल्यासारखं करून सरळ सोनुन्यांच्या घराकडं चालू लागले. संध्याकाळी परत आले. काय म्हणाले सोनुने, मी विचारलं. मास्तरांनी माझ्या हातावर लवंग ठेवली.

चौकशी त्याच हिरव्या टेबलावर झाली. पाकिटांची मोजदाद मी केली होती म्हणून मलाही बसवलं होतं. साहेब नागपूरकडचे, मराठी बोलणारे, माणूस वाईट नव्हता हे आधी सांगतो. सोनुन्यांना विचारलं, किल्ली तुमच्याकडं होती? होती. सील बदललेलं दिसतं? दिसतं. कसं बदललं? सोनुने उभे राहिले आणि मला ठाऊक नाही म्हणाले. पण खोलीची एक किल्ली हेडमास्तरांकडंही होती, त्यामुळं नुसत्या किल्लीवरून काही सिद्ध होईना. मग कय्यूममास्तरांना बोलावलं.

"तुम्ही यांच्या घरी गेला होता?"

"हो साहेब."

"यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"ते मी या टेबलावर ठेवू शकत नाही."

साहेब थोडे पुढं वाकले. "म्हणजे सांगितलं आहे."

"मी मेहमान म्हणून बसलो होतो, त्यायच्या घरचं पाणी पेलो, अन् मग विचारलं. पेपर फुटला नाही, एवढं मी माह्या जबाबदारीवर सांगतो. बाकी माह्याजवळ अमानत आहे, दुसऱ्याची ठेव."

साहेबांनी चष्मा काढला. ते जे बोलले ते मला आजही खोडता येत नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला हेडमास्तरांनी पाठवलं होतं. पाहुणा म्हणून जायचा तुम्हाला हक्कच नव्हता."

कय्यूममास्तरांनी गळ्याशी लावलेलं बटण चाचपलं. मग म्हणाले, "हे खरं आहे साहेब. चूक माही आहे. त्याची सजा मले द्या, जवाब मागू नका."

सोनुने तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभे होते. माणसानं त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांच्याकडं इतकं रोखून पाहिलं की माझे डोळे दुखले. ते जमिनीकडं पाहत राहिले.

सोनुन्यांवर काही शाबीत झालं नाही आणि ते नोकरीत राहिले. कय्यूममास्तरांवर चौकशीत अडथळा आणल्याचा ठपका आला, हेडमास्तरकी दुसऱ्याला गेली, आणि त्यांनी स्वतः होऊन राजीनामा दिला. नवे हेडमास्तर बाहेरचे आले आणि त्यांनी त्या टेबलाची बनात बदलून घेतली.

मी भांडायला गेलो. ते घरातली पुस्तकं पोत्यात भरत होते, त्यांची दोन्ही पोरं सुतळी धरून उभी होती. मी म्हणालो की अहो, निम्मं तरी सांगायचं, सोनुन्यांचं नाव न घेता सांगायचं, काहीतरी वाट काढायची. ते म्हणाले की कापलेली अमानत परत करता येत नाही. मी म्हणालो की तुम्ही मूर्ख आहात. हे मी रागानं नाही, मनापासून म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू वर्गातल्या पोराचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं.

ते दिवस हवा बिघडत चालल्याचे होते. नांदुऱ्यात लोक म्हणू लागले की मुसलमानानं तोंड मिटून घेतलं त्याअर्थी त्याचाही हात असणार. तिकडं देऊळघाटात त्यांचेच लोक म्हणत होते की एका हिंदूसाठी नोकरी घालवणारा हा कुठला शहाणा. दोन्हीकडून मार खाल्ला त्यांनी, आणि कुठंच जवाब दिला नाही. थोरल्या भावाच्या शेतात राबू लागले असं ऐकलं. एवढा इंग्रजी शिकलेला माणूस मोटेवर उभा आहे हे डोळ्यांपुढं आलं की मला जेवण जात नसे.

पुढं काही वर्षांनी सोनुने निवृत्त झाले. त्यांचा माझ्याकडं निरोप आला की घरी येऊन जा. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, जा, काय म्हणतात ते ऐकून या. गेलो. सोनुनेबाईंनी पाणी दिलं, उन्हातून आलो होतो, घटाघटा प्यालो. मग सोनुन्यांनी सांगितलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ते पेटी पाहायला खोलीत गेले होते. टिनाच्या उकाड्यानं लढाईतली ती हलकी लाख मऊ होऊन खालच्या पाकिटाचं सील वरच्या पाकिटाला चिकटलं होतं. त्यांनी वरचं उचललं आणि सील उखडून हातात आलं. तेव्हाच हेडमास्तरांना हाक मारली असती तर दोन ओळींचा पंचनामा होऊन गोष्ट मिटली असती. पण हा माणूस घाबरला, आणि त्याच्या हातात कला होती. बांगडीवाल्याकडची लाख त्याच्याजवळ रंगकामासाठी पडलेली होतीच. ती वितळवून त्यानं सील पुन्हा बसवलं आणि चाकूच्या टोकानं मुकुट आणि अक्षरं जशीच्या तशी कोरली. पाकीट उघडलं नाही, आत पाहिलंही नाही. पण सरकारी सील हातानं बनवलं म्हणजे तुरुंग, हे त्याला काम संपल्यावर सुचलं.

"कय्यूममास्तर आले तेव्हा मी आत दडून बसलो होतो," सोनुने म्हणाले. "ते पायरीवर बसले, ओंजळ धरली. माह्या बायकोनं त्या दिवशी भांडं त्यायच्या हाती देल्लं. आमच्या घरात असं कधी झालं नोतं. मग मी बाहेर आलो, अन् सगळं सांगतलं."

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सोनुने म्हणाले की तेव्हापासून रोज सकाळी वाटायचं, आज जाऊन कबूल करतो, आणि रोज पाय उंबऱ्यापाशी अडायचे. पेन्शन अजून मंजूर व्हायची होती, बाईंना दम्याचा आजार. "मी मेल्यावर सांगजा," ते म्हणाले. "पह्यले नोका सांगू." माझ्या मनात त्यांच्यासाठी कीवही आली आणि चीडही आली. चीड जास्त होती.

पण मी गणितवाला. मला वाटलं, एकाला माहीत होतं तोवर ती अमानत. आता दोघांना माहीत आहे, तर वाट निघेल. पुढच्याच रविवारी सर्व्हिस मोटारीनं मोताळ्यावरून घाट चढून बुलडाण्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं देऊळघाटला गेलो. कय्यूममास्तर घरापुढच्या कडुलिंबाखाली बाजेवर बसून कांद्याची रोपं निवडत होते. शेरवानी नव्हती, नुसता सदरा. गळ्याचं बटण मात्र लावलेलं. तळहाताला भेगा पडल्या होत्या. मला पाहून उठले आणि खिशात हात घातला, पण खिशात लवंग नव्हती.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं की सोनुन्यांनी मला सगळं सांगितलं आहे. आता मी साक्षीदार आहे. मी अर्ज लिहितो, तुम्ही नुसती सही करा, तुमच्या नावावरचा डाग निघेल. ते रोपं निवडत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यायनं कुठं सांगतलं?"

"त्यांच्या घरी."

"तुमी पाणी पेले होते?"

सोनुनेबाईंनी दिलेलं पाणी मला आठवलं. "हो," म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा रोपांकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एक गंमत वाटल्याचा भाव होता, आणि मला रडू येत होतं.

 मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या माणसानं साऱ्या गावाला घरी जाऊन विचारलं, आणि याला कुणीच काही विचारलं नाही. चौकशी झाली तेवढीच. मी त्यांच्या घरी कधी पाणी प्यालो नव्हतो. आमच्यात ती रीत नव्हती आणि त्यांनी कधी आग्रहही केला नव्हता. मी म्हणालो, "मास्तर, पाणी द्या."

त्यांनी हातातली रोपं बाजेवर ठेवली. मग आत गेले आणि स्वतः तांब्या घेऊन आले. वरून पाणी ओतायच्या त्या जुन्या रीतीनं त्यांनी तो माझ्या ओंजळीत ओतायला वर धरला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. सगळा प्यालो. मिशा पुसल्या आणि विचारलं, "कसे आहात?"

ते बाजेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली; त्यांना उघड्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होतो. कडुलिंबाची सावली अंगणाच्या कडेला जाईपर्यंत ते बोलत होते. परत जाताना त्यांनी गाडीपर्यंत सोबत केली, आणि माझ्या बायकोचा गुडघा आता कसा आहे ते विचारलं. ती शेवटची भेट. पुढल्या हिवाळ्यात ते गेले.

सोनुने त्यांच्यानंतर बरीच वर्षं जगले. आता तेही नाहीत, बाई नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट सांगायला मी मोकळा झालो. कय्यूममास्तरांनी त्या दुपारी मला काय सांगितलं, ते मात्र मी सांगणार नाही.